सहा महिन्यांचे आठ दात

कॉर्नेलिअस आयिक्वेई सोवा या गृहस्थाला वयं दोन होती. कचेरीतलं एकोणसाठ आणि घरातलं चौसष्ट. अक्रा शहरात यात कुणाला नवल वाटत नाही. नोकरी लागताना चार-पाच वर्षं पोटात घालायची आणि निवृत्तीला तेवढंच उशिरा पोचायचं, हे पुष्कळांनी केलंय. पण बाकीचे लोक वय चोरताना जरा लाजतात, एखादी साधीसुधी तारीख उचलतात. आयिक्वेईनं उचलली ती थेट सहा मार्च एकोणीसशे सत्तावन्न. देश स्वतंत्र झाला तोच दिवस. प्रतिज्ञापत्र लिहिणाऱ्या कारकुनानं जन्मतारीख विचारली तेव्हा तोंडात पहिली आली ती हीच, कारण शाळेत त्याची तेवढी एकच तारीख पाठ झाली होती.

तेव्हापासून दर सहा मार्चला वजनमापांच्या कचेरीत लाल-पिवळा-हिरवा केक कापला जायचा आणि देश नि सोवासाहेब जुळे भाऊ आहेत हा विनोद मोठे साहेब दरवर्षी नव्यानं करायचे. आयिक्वेई डोळे पुसायचा. सुरुवातीला नाटक म्हणून, पुढे पुढे खरोखर. बाजारातल्या बायका मका मोजायच्या डब्याचं बूड आत ठोकून मापात मारतात, ते हा माणूस वीस पावलांवरून ओळखायचा आणि डबा जप्त करायचा. स्वतःच्या आयुष्याचं बूड पाच वर्षं आत ठोकलंय हे त्याच्या कधी मनातही आलं नाही.

जुलैत सोवा घराण्याचा थोरला वारला आणि सगळं बिनसलं. या घराण्यात जो पुरुष वयानं सगळ्यांत मोठा, तो थोरला. निवडणूक नाही, चिठ्ठ्या नाहीत. तो आला की घर उठून उभं राहतं, बोलणाऱ्यानं पायातल्या चपला काढायच्या, आणि होमोवोच्या सणाला मक्याचा क्पोक्पोई उंबऱ्यावर शिंपडायचा तो त्याच्याच हातानं. सण तीन आठवड्यांवर आला होता. पूर्वजांना उपाशी ठेवून चालत नाही.

आयिक्वेईला ती खुर्ची हवी होती, अगदी जीव टाकून हवी होती, आणि त्याला कारण होतं. येत्या मार्चात कागदावरचा तो साठ वर्षांचा व्हायचा होता. मग केक नाही, ड्रायव्हर नाही, दार उघडून धरणारा शिपाई नाही. बायको मागेच गेलेली, मुलं टोरांटोला. निवृत्त साहेबाला विचारतो कोण? पण घरचा थोरला निवृत्त होत नाही. त्याच्यासाठी लोक मरेपर्यंत उठतात, आणि मेल्यावर तर वर्षभर त्याच्यावरच बोलतात.

आडवा आला चुलतभाऊ थिओफिलस. निवृत्त शाळामास्तर, काटकुळा, ओठ कायम मिटलेले, जसा काही जगाचा निकाल लागलाय आणि सगळे नापास आहेत. त्याच्याकडे बाप्तिस्म्याचं कार्ड होतं: जन्म आठ ऑक्टोबर बावन्न. आयिक्वेई बावन्नच्या जूनचा. आई कोर्कोई त्याला नेहमी सांगायची, 'तू ढोलबंदीत झालास. सणाआधीची बंदी, गावात चिटपाखरू आवाज करत नव्हतं, आणि तुझं रडणं तेशीच्या किनाऱ्यापर्यंत गेलं.' म्हणजे हा चार महिन्यांनी मोठा. पण कोर्कोई नऊ वर्षांमागे गेली. बाळंतपण तिच्या माहेरी तेशीला झालेलं, तिथलं कुणी उरलं नव्हतं, आणि आयिक्वेईच्या सरकारी ओळखपत्रावर छापलेलं होतं सत्तावन्न. घरातली वडीलधारी म्हणजे ब्याण्णव वर्षांची आत्या, नाआ शोर्मे. त्या काळात ती लेगोसला सुके मासे विकत होती, म्हणून भाच्यांचे जन्म तिनं पाहिले नव्हते. ती म्हणाली, शनिवारी बैठक, ज्याला जे दाखवायचंय ते त्यानं छापील आणि शिक्क्याचं आणावं, तोंडच्या वाफा नकोत.

छापील म्हटल्यावर आयिक्वेईला बाळांचं प्रदर्शन आठवलं. त्रेपन्नच्या मे महिन्यात, साम्राज्यदिनाच्या निमित्तानं, गोऱ्या मडमांनी शहरातली गुटगुटीत बाळं एका मैदानात गोळा केली, वजनं केली आणि बक्षिसं दिली. पहिलं आलं होतं बाळ आयिक्वेई. 'कोस्ट मेसेंजर' या पेपरात आईच्या कडेवरचा फोटो आला होता. घरातलं कात्रण वाळवीनं कधीच खाल्लं, पण फोटोखाली बाळाचं वय असणारच. अकरा महिने. अकरा महिने म्हणजे जून बावन्न. गणित चोख होतं.

जुने पेपर मिळायची जागा एकच, थॉर्नली लायब्ररी.

ही लायब्ररी थॉर्नली नावाच्या गव्हर्नराच्या विधवेनं बांधली. नवरा इथल्या तापानं गेला, तेव्हा त्याच्या नावानं काहीतरी उभं करायचं म्हणून. सहा खांब, बावीस पायऱ्या, वर ठळक अक्षरांत 'सर्वांसाठी खुले', आणि खाली कुलूप. कुलूप नऊला उघडतं असं पाटीवर होतं. प्रत्यक्षात ते उघडणाऱ्याच्या सवडीनं उघडायचं. आत 'शांतता राखा' या पाटीखाली जनरेटर धडधडत होता. टेबलं सगळी भरलेली, पण लायब्ररीचं पुस्तक एकाच्याही पुढ्यात नव्हतं. तरुण पोरं-पोरी बँकेच्या परीक्षेच्या स्वतःच्या वह्या घेऊन घोकत होती. कपाटांतली पुस्तकं परदेशातल्या भल्या लोकांनी दान केलेली: दारातला बर्फ कसा उपसावा, रेनडिअरचे आजार, नॉर्वेतलं चर्च-संगीत. दान घेताना मंत्र्यांनी फोटो काढून घेतला होता आणि तो मात्र काचेत, कुलपात जपला होता.

वर्तमानपत्रांच्या खोलीपाशी मॅडम देलाली बसत. व्होल्टा नदीपलीकडच्या, चाळिशीच्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्या इमारतीत काम करणारी माणसं मोजायची झाली तर मोजणी त्यांच्यापाशी सुरू होऊन त्यांच्यापाशीच संपायची, आणि त्याचा राग त्या येणाऱ्या प्रत्येकावर काढत. आयिक्वेईनं अर्ज भरला. त्यांनी तो वाचला, ओळखपत्र पाहिलं आणि दोन्ही परत सरकवलं. तळघरातले पेपर फक्त साठीपुढच्यांना. थॉर्नलीबाईंच्या मृत्युपत्रात तसं लिहिलेलं होतं: वृद्ध सद्गृहस्थांच्या विरंगुळ्यासाठी. राज्य गेलं, राणी गेली, बाईंच्या वंशात कुणी उरलं नाही, पण कलम तेवढं उरलं.

"मॅडम, मी चौसष्ट वर्षांचा आहे," आयिक्वेई हळूच म्हणाला.

"इथं एकोणसाठ लिहिलंय."

"ते तसं नाही. ते कामापुरतं आहे."

"मग हेही कामच आहे. चौसष्टचा पुरावा आणा."

"तोच तर तुमच्या तळघरात आहे."

मॅडम देलालींनी चष्मा वर केला आणि त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मग त्या म्हणाल्या, एक तर हे कार्ड खोटं असेल, आणि तसं असेल तर दारावर पोलीस बसलाय, त्याला ते दाखवता येईल. नाही तर कार्ड खरं असेल, आणि मग मार्चात या, फुलं घेऊन स्वागत करू. तिसरी वाट म्हणजे संशोधकांची. त्यांना वयाची अट नाही, पण कचेरीच्या वरिष्ठाचं पत्र लागतं.

घोडं इथं पेंड खात होतं. म्हातारा आहे हे सिद्ध करायला आत जायचं, आणि आत जायला म्हातारा असायला हवं. आयिक्वेई पायऱ्या उतरून खाली आला, गाडीवरचं मक्याचं केंके आणि तळलेला मासा खाल्ला, हात धुतला आणि कचेरीत जाऊन स्वतःच पत्र टाइप केलं: 'ब्रिटिश काळातील वजनमापे' या विषयावर राष्ट्रीय महत्त्वाचं संशोधन करण्यासाठी श्री. सोवा यांस पाठवीत आहोत. मोठ्या साहेबांनी न वाचता सही केली. ते सगळ्यावरच तशी करायचे.

बुधवारी तो पुन्हा बावीस पायऱ्या चढला. मॅडम देलालींनी पत्र वाचलं, तोंडाचा एक कोपरा किंचित हलवला आणि वजनमापांच्या कायद्याचे चार जाडजूड ग्रंथ त्याच्यापुढे आणून आपटले. त्रेपन्नच्या पेपरांचा खंड मागितला तेव्हा त्यांनी फक्त बोट दाखवलं. खोलीत पंखा एकच चालू होता, त्याच्या बरोबर खाली म्हाताऱ्यांची राखीव आरामखुर्ची होती, आणि त्या खुर्चीत मांडीवर जानेवारी ते जून त्रेपन्न घेऊन थिओफिलस बसला होता. एक खंड, एक वाचक, असा नियम. अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना आयिक्वेईनं सकाळभर वजनमापांचा कायदा वाचला. कलम नऊ त्यानं सात वेळा वाचलं. थिओफिलस वाऱ्यात बसून एकेक पान उलटत होता, शुद्धलेखन तपासावं तसा.

दुपारी थिओफिलसचं पान उलटणं थांबलं.  मग त्यानं मान वर केली आणि बोटानं बोलावलं.

"ये. तुझाच फोटो आहे. फार गोंडस होतास, कुणाची दृष्ट लागली कोण जाणे."

फोटोत कोर्कोई होती. विशीतली, नव्या कापडात, डोक्याला रुमाल उंच बांधलेला, आणि तोंडभर हसत होती. आयिक्वेईला ती अशी आठवतच नव्हती. त्याला आठवत होती ती शेवटच्या आजारातली, चमच्यानं पेज घेणारी. तिला हा फोटो दाखवावा असं त्याला वाटून गेलं. हे छापील पानावर लिहून ठेवायला हरकत नाही, कारण त्या दिवसात त्याला वाटलेली ती एकच स्वच्छ गोष्ट होती. मग त्यानं खालच्या ओळी वाचल्या.

सहा ते नऊ महिने गट. पहिलं बक्षीस: बाळ आयिक्वेई सोवा, वय साडेसहा महिने. दुसरं बक्षीस: बाळ थिओफिलस सोवा, वय साडेसात महिने.

आयिक्वेईनं ओळ पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचली. साडेसहा. म्हणजे नोव्हेंबर. म्हणजे थिओफिलसहून महिन्यानं धाकटा. त्याखाली बातमीदारानं भक्तिभावानं लिहिलं होतं: 'विजेत्या बाळाचं वजन चोवीस पौंड भरलं. त्याला आठ दात असून परीक्षक बाईंपर्यंत ते स्वतःच्या पायांनी चालत गेलं. साडेसहाव्या महिन्यात असा विकास पाहून बाई थक्क झाल्या व त्यांनी याचं श्रेय नव्या डबाबंद दुधाला दिलं.'

चाळीस वर्षं तागडी तपासलेल्या माणसाला दुसरा पुरावा कशाला हवा? साडेसहा महिन्यांचं पोर चोवीस पौंडांचं असेल एक वेळ, पण चालत जाईल? आठ दात दाखवील? बाईंना ते खपलं, कारण बाईंच्या मते आपल्याकडची पोरं कशीही वाढत असावीत. पण आयिक्वेईला सगळं दिसलं. मोठ्या गटात याच्यापेक्षा दांडगी बाळं होती, म्हणून आईनं अकरा महिन्यांचं पोर साडेसहाचं म्हणून खालच्या गटात घातलं होतं. बूड आत ठोकलेला डबा.

"आता कळलं, माझ्या आईला दंड कशाचा झाला होता?" थिओफिलस म्हणाला.

दंडाची गोष्ट आयिक्वेईला ठाऊक होती, पण वेगळी. जावाजावांचं भांडण. थिओफिलसची आई ओदार्ले म्हणे सगळीकडे सांगत सुटली की कोर्कोईनं परीक्षकांना धुरावलेले मासे चारले. घरची बैठक बसली, ओदार्लेला काही सिद्ध करता येईना, आणि खोटा आळ घेतला म्हणून तिला एक मेंढा नि श्नॅप्सच्या दोन बाटल्या दंड झाला, वर कोर्कोईपुढे गुडघे टेकून माफी. हे आईनंच सांगितलं होतं. आता थिओफिलसनं सांगितलं की माशांचा विषयच नव्हता. ओदार्ले म्हणत होती ते एवढंच, की त्या पोराला खेकडा फोडण्याइतके दात आलेत, ते सहा महिन्यांचं कसं? कोर्कोईनं बायबलवर हात ठेवून सांगितलं, साडेसहा. त्यानंतर दोघी एका भांड्यातलं कधी जेवल्या नाहीत. सतरा वर्षांमागे ओदार्ले मरायला टेकली तेव्हा शुद्ध हरपली होती, पण तोंडात दातांचा हिशोब चालू होता.

"तर आता नीट ऐक, साहेब," थिओफिलस म्हणाला. "तू थोरला ठरलास तर माझी आई खरी आणि तुझी खोटारडी. मी थोरला ठरलो तर तुझी आई खरी, आणि माझी आई खोटी म्हणून गुडघ्यावर बसली ते बरोबरच. बैठकीत उठून सांग, माझी आई खोटं बोलली. बस्स. खुर्ची तुझी. मला खुर्ची नको, मला आईचे गुडघे परत हवेत."

इतकं चांगलं वाक्य शाळामास्तरांनाच सुचतं. आयिक्वेईला इकडे आड, तिकडे विहीर. मॅडम देलालींनी दोघांना एकेक छायाप्रत काढून दिली आणि शिक्का मारायला घेतला. आयिक्वेईनं अदबीनं विचारलं, की वयाची ओळ शिक्क्याखाली आली तर चालेल का? शाई जरा जास्त लागली तर हरकत नाही.

"लोक इथं येतात ते काय लिहिलंय ते बघायला, असं मला नोकरी लागली तेव्हा वाटायचं," मॅडम म्हणाल्या आणि शिक्का समासात मारला, कोरडा आणि स्वच्छ.

पुढचे दोन दिवस आयिक्वेई आईशी भांडत होता. मनातल्या मनात, आणि एकदा बाजारात मोठ्यानं. बक्षिसाच्या एका दुधाच्या डब्यासाठी आणि एका फोटोसाठी हे केलंस? आणि लगेच उत्तरही त्यालाच सुचायचं: फोटोसाठी नाही, तुझ्यासाठी. पाच वर्षं चोरली त्यानं, तीही स्वतःसाठी. आईनं तर साडेचारच महिने चोरले, तेही पोरासाठी. शुक्रवारपर्यंत त्यानं ठरवून टाकलं. आई मेलेली आहे, मेलेल्याला लाज कसली? शिवाय खरं तेच तर बोलायचंय. आणि थिओफिलस स्वतःच बाजूला होतोय. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलण्यात फायदा दिसत होता आणि अशी संधी सोडणं त्याला मूर्खपणाचं वाटलं.

शनिवारी सकाळी अंगणात सगळं घराणं जमलं. छत टाकलेलं, प्लास्टिकच्या खुर्च्या भाड्यानं आणलेल्या, आणि मधोमध थोरल्याची कोरीव लाकडाची खुर्ची, रिकामी. नाआ शोर्मे तिच्या शेजारी बसली होती, हातात काठी. मागच्या रांगेत ओक्पोती नावाचा तिसरा चुलतभाऊ, वय एकसष्ट, मासेमारीच्या जाळ्यांचा व्यापारी, बैठकीनंतर सूप आहे हे कळल्यामुळे आलेला, बसल्या बसल्या डुलकी घेत होता.

कार्ड असल्यामुळे पहिला मान थिओफिलसचा. तो उठला. आयिक्वेई निवांत होता. त्याला वाटलं, आता हा बाजूला सरेल. थिओफिलसनं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. वर्गात शिरताना त्याच्यासाठी एकेकाळी पन्नास पोरं उभी राहायची. निवृत्त झाल्यापासून कुणी उभं राहिलं नव्हतं. त्यानं चष्मा लावला, छायाप्रत उघडली आणि खणखणीत आवाजात दोन्ही वयं वाचली. साडेसहा. साडेसात. घडी घातली, आणि म्हणाला की पेपर छापील आहे, शिक्क्याचा आहे, कार्डाशी जुळतो आहे, थोरला तोच.

अंगणात कुजबुज झाली. नाआ शोर्मेनं काठी आपटली.

"हा पेपर खरा म्हणतोस?"

"खरा, नाआ."

"म्हणजे त्या वेळी तुझ्या आईला मेंढ्याचा दंड झाला, तो बरोबर झाला?"

थिओफिलसनं छायाप्रतीची आणखी एक घडी घातली.  

"बरोबर झाला," तो म्हणाला.

आयिक्वेईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुधवारी पंख्याखाली गुडघ्यांची भाषा करणारा माणूस! तो ताडकन उठला, आणि कुणी विचारायच्या आत त्याचं सगळं बाहेर पडलं. वजन चोवीस पौंड, आठ दात, स्वतःच्या पायांनी चाल. चाळीस वर्षं मापं तपासली आहेत मी, तो म्हणाला, हे पोर अकरा महिन्यांचं आहे हे कुणीही सांगेल. ओदार्लेकाकू खरं बोलत होती. माझी आई खोटं बोलली. बायबलवर हात ठेवून खोटं बोलली. मी जूनचा आहे, थोरला मी आहे.

शेवटचं वाक्य त्यानं म्हटलं नसतं तर कदाचित निराळं झालं असतं. लोकांनी आधी माना डोलावल्या होत्या, काही बायकांनी डोळ्यांना पदरही लावला होता. पण ते वाक्य आलं आणि माना थांबल्या. पुतण्यांपैकी कुणीतरी म्हणालं की काका, सहा मार्चचं काय? मागे हशा झाला.

नाआ शोर्मेनं हशा संपू दिला. मग तिनं दोघांना समोर बोलावलं. दोघं उभे राहिले, साठी उलटलेले, हातात एकाच पानाच्या दोन प्रती.

"कोर्कोई माझी भावजय. ओदार्ले पण माझी भावजय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "दोघी भांडल्या, दोघी कुढल्या, एकीनं खोटी शपथ घेतली, एकीनं खोटा दंड भरला. कशासाठी? आपलं पोर पहिलं यावं म्हणून. चुकल्या असतील. पण पोराला खाली घालून दोघींपैकी एकही कधी खुर्चीवर बसली नाही. तुम्ही दोघांनी आत्ता, दुपारचं जेवण व्हायच्या आत, आपापल्या आईला भरल्या अंगणात खोटारडी म्हटलंत. एकाच खुर्चीसाठी. तुमच्यातला मोठा कोण ते मला ठाऊक नाही, आणि आता ते कळून घ्यायची इच्छाही नाही. ज्याला आई विकता येते तो घर किती दिवस ठेवील? तिसरा कोण आहे?"

तिसऱ्याला कोपरानं ढोसून जागं केलं. ओक्पोतीला वाटलं सूप आलं. काय झालंय ते दोनदा सांगावं लागलं, मग त्यानं शर्टाची बटणं लावली आणि विचारलं की याला उभं राहून बोलावं लागतं का, कारण त्याला बोलता येत नाही. नाआ शोर्मे म्हणाली, बोलता येत नाही हेच उत्तम. त्याला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, खांद्यावर कापड टाकलं, आणि श्नॅप्सची धार जमिनीवर सोडून कोर्कोई आणि ओदार्ले या दोघींची नावं एकाच दमात घेतली. तेरा वर्षांच्या पोरापासून म्हाताऱ्या सुनांपर्यंत सगळं अंगण उठून उभं राहिलं.

जागेवर परत येऊन बसलेल्या आयिक्वेईच्या मनात आलं की आपण बसूनच राहावं. तेल गेलं, तूप गेलं, निदान एवढं तरी करावं. तेवढ्यात शेजारी थिओफिलस उभा राहिलेला दिसला, मान खाली, छायाप्रत मुठीत चुरगळलेली. मग तोही निघाला उठायला. पण सकाळभर बसून त्याचे गुडघे धरले होते, प्लास्टिकची खुर्ची खालून सरकत होती, आणि त्याला काही केल्या वर येता येईना. पहिला प्रयत्न फसला, दुसराही.

"अरे, त्या म्हाताऱ्याला कुणीतरी हात द्या," मागून एक बाई म्हणाली.

चार हात एकदम पुढे आले.